कवड्यांचा दोर

दिग्रसच्या कापसाच्या जिनाची नवी चिमणी उभी राहत होती. बंजारा तांड्यांवरून आलेल्या मजुरांना सदाशिवराव मिस्त्री शिकवत होते, "परांचीवर चढायच्या आधी हा दोर कमरेला बांधायचा."

नेमसिंगानं दोर फेकला. "मी काय बैल आहो का, बांधाले?"

सगळे हसले. त्याची बायको लालीबाई तेवढी हसली नाही. तिची नजर चिमणीच्या टोकावर होती. तिनं दोर गुपचूप ओटीत घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोरावर कवड्या होत्या, लाल गोंडे होते.

"काल बैल म्हणले ना सोताले? घ्या मंग," ती म्हणाली. "तुमच्या आजाच्या लदेणीत, मिठाच्या गोण्या वाहणाऱ्या बैलायत, सगळ्यांत पुढं चालणाऱ्या बैलाच्या गळ्यात ह्याच कवड्या होत्या. मांगच्यायले नोहत्या."

नेमसिंगानं कवड्यांवरून हात फिरवला, मिशीत हसला आणि दोर कमरेला आवळला. तो चढत गेला तशा कवड्या खुळखुळत गेल्या. खाली विटा वाहता वाहता लालीबाई गाणं गुणगुणू लागली.

दुपारी त्याच्यासोबतचे मजूर फकिरा आणि देवीलाल आपापले दोर घेऊन मिस्त्रीपुढं बसले.

"कवड्या लागल्याबिगर आमी नाही चढत!"

सदाशिवराव हसले. "लालीबाई, आणखी कवड्या आहेत ना?"