निळा रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. रेणापूरच्या मोटारस्टँडामागे, कडुनिंबाखाली पालथा पडलो आहे. माझ्या अंगावर एका मोठ्या बँकेचा निळा रंग आहे. त्या रंगाचा मला राग येतो.

महादेवीअक्काने मला टिचक्या मारून निवडलं आणि दर उन्हाळ्यात पाणपोईत वाळूवर बसवलं. माझं काम सोपं होतं. दिवसभर अंगातून पाझरायचं आणि पोटातलं पाणी गार ठेवायचं. अक्का ओगराळ्याने लोकांच्या ओंजळीत पाणी घालायची.

लातूर जिल्हा झाला, पाठोपाठ दुष्काळ पडला आणि त्यातच अक्का गेली. तिचे यजमान वीरण्णा आपलं किराणा दुकान बंद ठेवायचे, पण लांबून सायकलीवर घागरी आणून मला भरायचे. म्हणायचे, “तिचं एवढंच राह्यलंय.”

मग बँकेची जीप आली. नव्या जिल्ह्यात शाखा उघडायची होती. प्रसिद्धी विभागाच्या प्रमुख सौदामिनीबाई मुंबईहून आल्या होत्या, मूळच्या नांदेडच्या.

“काका, पाणपोईला आमचा रंग देऊ. जिल्हाभर बँकेचं चिन्ह एकसारखं दिसलं पाहिजे. वर पत्रेही घालून देऊ.”

“कोपऱ्यात मंडळीचं नाव लिवताल का? महादेवी.”

“लिहू की!”

पेंटरने मला ऑइलपेंटचे दोन हात दिले. माझं छिद्र न् छिद्र बुजलं. मला कळत होतं, पण सांगणार कसं? फोटो निघाले. नाव राहूनच गेलं.

“चिन्हाजवळ दुसरं काही चालत नाही, काका. नियम आहे,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एस.टी.चे ड्रायव्हर सिद्रामप्पा एक घोट प्याले आणि थुंकले. “अण्णा, चहापत्ती टाका की यात! उकळायचं कामच न्हाई.”

लोक हसले. मग यायचे थांबले. वीरण्णा दिवसभर ओगराळं धरून बसून राहायचे.

शाखेच्या उद्घाटनाला निघालेल्या बाई वाटेत थांबल्या. वीरण्णांनी ओगराळं पुढे केलं.

“प्या.”

“माझा थर्मास आहे, काका.”

“तुमच्या बँकेचं पानी हाय. प्या!”

बाईंनी ओंजळ केली. घोट तोंडातच राहिला. “गरम आहे हो.”

“महादेवीनं कुणाला असं पाजलं न्हाई. तिचा रांजण मारला तुमी, अन् तिचं नाव बी लिवलं न्हाई.”

“दुसरा घेऊन देते.”

“मी आणीन. त्याला हात लावू नका.”

वीरण्णांनी मला विटेने घासघास घासलं. वरचा रंग थोडा निघाला, छिद्रांतला निघाला नाही. शेवटी त्यांनी मला पालथं घातलं आणि माझ्या वाळूवर नवा, कोरा रांजण बसवला. लोक पुन्हा ओंजळी धरतात. त्यावर नाव नाही. आता वीरण्णाही लिहू देत नाहीत; रंगाचं बोटसुद्धा नको म्हणतात.

मित्रांनो, मातीच्या भांड्याला पाझरू द्या. दुसऱ्याने मायेने मांडलेल्या पाणपोईवर आपला रंग फासू नका. लातूरच्या चौकात बँकेने माझं भलंमोठं चित्र लावलंय म्हणे. खाली लिहिलंय, ‘गारवा आपुलकीचा’.

इथे माझ्या पोटात एक थेंब नाही.