संध्याकाळची डावी पापणी

"तुझ्या बहिणीचा डावा डोळा संध्याकाळी उजव्याच्या आधी झोपतो," थोरलीला तिचा नवरा एकदा म्हणाला होता, आणि एवढं बोलून त्याने चहात बिस्किट बुडवलं होतं.

थोरलीने ते हसण्यावारी नेलं. घरातले पडदे बदलून पंधरवडा उलटला तरी ज्याच्या ध्यानात येत नाही, त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांवर बोलावं म्हणजे कहरच झाला.

"आमच्या माहेरी सगळ्यांचेच डोळे तसे," ती म्हणाली. "लग्नाआधी बघून घ्यायचे होतेस."

ते काही खोटं नव्हतं. तिच्या माहेरच्या माणसांच्या भुवईखालची कातडी घडी होऊन पापणीवर उतरलेली असायची, अर्ध्या ओढलेल्या पडद्यासारखी. फोटोवाला "डोळे उघडा" म्हणून ओरडायचा आणि बाबा म्हणायचे, "उघडेच आहेत हो, तुम्ही दाबा बटण." त्यातून धाकटीचे डोळे सर्वांत जड. वर्गात झोपते म्हणून बाईंनी तिला कितीदा बाकावर उभं केलेलं. तेव्हापासून घरात तिचं नाव पेंगुळी.

ही पेंगुळी आता एका छोट्या वृत्तवाहिनीवर बातम्या वाचत होती. एवढे दिवस दुपारची फुटकळ बातमीपत्रं तिच्या वाट्याला यायची. या महिन्यात संध्याकाळचं मोठं बातमीपत्र चाचणीपुरतं मिळालं होतं. महिनाअखेर साहेब ठरवणार होते, ती जागा हिला द्यायची की सकाळचं बातमीपत्र वाचणाऱ्या दुसऱ्या मुलीला. साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, "वाचता छान. पण झोपेतून उठवून आणल्यासारख्या दिसता. डोळ्यांचं काहीतरी करा."

म्हणून ती भर दुपारी थोरलीकडे आली आणि पिशवी चटईवर पालथी केली. खोट्या पापण्यांच्या डब्या घरंगळल्या. शेजारी पालथं पडून पाय मारणारं थोरलीचं बाळ त्यांच्याकडे झेपावलं.

"अगं बाई! गोमी पाळल्यास की काय?" थोरलीने बाळाला उचलून दुसऱ्या टोकाला ठेवलं.

"ताई, थट्टा नको. कॉलेजात सगळ्या गॅदरिंगचे चेहरे तूच रंगवायचीस ना? आता बहिणीचा रंगव."

थोरली डब्या उघडून बघू लागली. सर्वांत दाट आणि सर्वांत महाग जोडी तिने आधी बाजूला केली. "ही उचलून फेक. आपल्या घडीखाली एवढं रान मावतं का? डोळा उघडलास की केस वरच्या कातडीला टेकणार, आणि काळ्या जाड पट्टीने पापणी आणखी जड दिसणार." दुसरी जोडी बाहेरच्या कोपऱ्याकडे लांब होत गेलेली. "ही मोठ्या उघड्या डोळ्यांच्या बायकांना. आपल्याला लावली की कोपरे खाली ओढल्यासारखे दिसतात. रडकं तोंड." शेवटी एक जोडी तिला पटली: पट्टी दोऱ्यासारखी बारीक, पारदर्शक; नाकाकडचे केस आखूड, बुबुळावर जरा लांब, पुढे पुन्हा आखूड.

पट्टी पापणीवर धरून तिने लांबी पाहिली, बाहेरच्या टोकाकडून कातरली, दोन बोटांत वाकवून मऊ केली. ग्लूची रेघ ओढली आणि फुंकर न घालता थांबली. ओला ग्लू घसरतो, चिकट झाला की धरतो. आरसा तिने धाकटीच्या हनुवटीखाली धरायला दिला.

"मान वर, नजर खाली. आणि श्वास घे गं, भाजी नाही चिरत तुझी."

चिमट्याने तिने मध्य आधी टेकवला, मग दोन्ही टोकं. "आता समोर बघ. आपल्या डोळ्यांचं खरंखोटं उघडल्यावरच कळतं, मिटल्यावर सगळ्याच सुंदर."

धाकटीने समोर पाहिलं. दोन्ही डोळे खिडक्या उघडल्यासारखे दिसत होते. तिला स्वतःलाच हसू आलं. "ताई, मी जागी आहे!"

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदा," थोरली म्हणाली.

थोरलीने चहाबरोबर दिलेला टोस्ट मात्र धाकटीने अर्धाच खाल्ला. चावून चावून जबडा भरून येतो म्हणाली.

संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन थोरली टीव्हीसमोर बसली. पहिल्या बातमीला सगळं ठीक होतं. जाहिराती संपल्या आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. डावी लॅश, म्हणजे चिकटवलेली खोटी पापणी, खाली आली होती. उजवा डोळा टक्क उघडा आणि डावा अर्धा. आवाजही कसा गेंगाणा, नाकातून.

तिने बातम्या संपल्या संपल्या फोन लावला. "काय झालं डावीला?"

"ते तूच सांग. लावलीस तू," धाकटी फणकारली. "साहेब म्हणाले, एका डोळ्याने वाचत होतात का?"

"आवाज असा का येतोय तुझा?"

"सर्दी आहे. ठेवते."

थोरलीचा स्वभाव मुळात चटकन विश्वास ठेवणारा नव्हताच, आणि बाळ झाल्यापासून तर ती डोळ्यांत तेल घालून जगत होती. नवं खेळणं आधी हुंगायचं, औषधाच्या बाटलीवरची तारीख दोनदा वाचायची, बाळ जास्त वेळ झोपलं की नाकाशी बोट धरायचं. सासूबाई म्हणायच्या, "ही पोलिसात जायची, चुकून आमच्या घरात आली."

पहिला संशय ग्लूवर. तिने त्याचा ठिपका स्वतःच्या मनगटावर लावला. दुसऱ्या दिवशीही तो सोलून काढावा लागला. ग्लू निर्दोष सुटला. मग संशय गेला मेकअपच्या खोलीत. तिथल्या काकू म्हणे सकाळवालीच्या लांबच्या मावशी लागत. झालं! थोरलीने सुतावरून स्वर्ग गाठला. पावडर लावायच्या निमित्ताने काकू डावी लॅश जराशी सैल करत असणार. एक डोळा खाली म्हणजे भाचीची जागा पक्की.

त्यानंतरचं प्रत्येक बातमीपत्र तिने टीव्हीला नाक लावून पाहिलं. रोज सुरुवात बरी, शेवट वाईट. शेवटाकडे शब्दही जड व्हायचे, जीभ तोंडात मावत नसल्यासारखे. तेव्हा तिसरा संशय आला आणि तो तिला कोणापुढे बोलवेना. संध्याकाळ, जड जीभ, अर्धा डोळा. धाकटीला नव्या नोकरीत नव्या मैत्रिणी मिळाल्या होत्या. त्या काय पाजतात, कोणास ठाऊक.

"एकदा तिच्या वाहिनीवर जाऊन ये," नवरा म्हणाला. "बाळाला मी बघतो. आणि हुंगूनही घेतो, तू सांगशील तेवढ्या वेळा."

मेकअपची खोली म्हणजे आरशाभोवती दिवे, एक उंच खुर्ची आणि कोपऱ्यात टेकवलेली इस्त्रीची फळी. काकू पावडरचा पफ झटकत होत्या. थोरलीने त्यांच्या बोटांवर अशी नजर रोखली की त्या म्हणाल्या, "बाई, तुम्हीच लावा. माझे हात मी खिशात ठेवते." आणि त्यांनी खरोखरच ॲप्रनच्या खिशात हात घातले.

धाकटी आली. थोरलीने तिला मिठी मारली, जरा जास्तच वेळ.

"ताई." धाकटी मागे सरली. "तू माझं तोंड हुंगलंस?"

"छे! काहीतरीच."

"हुंगलंस. बाळाचं दुपटं हुंगतेस ना, अगदी तसंच." तिचा आवाज चढला. "मी पिऊन येते असं वाटतं तुला? सांग ना! काकू, ऐकलंत का, माझी सख्खी बहीण!"

"मी काही ऐकत नाही," काकू आरशाला म्हणाल्या. "माझे हात खिशात आहेत."

तोंडाला वास होता तो नुसता वेलचीचा. थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तिने चिमटा सोडला नाही. "बस खाली. भांड नंतर, आधी लॅश."

तीच जोडी, तोच ग्लू, तोच हात. या वेळी काकूंचा पफ जवळपाससुद्धा नव्हता. दोन्ही लॅशेस एका रेषेत बसल्या. थोरलीने कर्कटक लावल्यासारखी नजर लावून पाहिलं. मग खालच्या पापणीला मस्कारा लावायचा म्हणून ती म्हणाली, "वर बघ. दिव्याकडे. तशीच राहा."

धाकटी वर बघत राहिली. थोरली ब्रश घेऊन वाकली. दोन चेहऱ्यांत वीतभर अंतर होतं, आणि त्या अंतरातून तिला दिसलं की डावी पापणी खाली येते आहे. मिटत नव्हती. हळूहळू उतरत होती, दुकानदाराने आवाज न करता शटर ओढावं तशी. लॅश जिथे चिकटवली होती तिथेच घट्ट होती. तिच्याखालची पापणीच घसरत होती. थोड्या वेळाने उजवीही उतरू लागली.

"डोळे मोठे कर."

"केलेत की."

"धाकटे, आणखी मोठे कर."

"अगं केलेत! भुवया कपाळात गेल्या माझ्या, आणखी काय करू?"

भुवया खरंच वर गेल्या होत्या. पापण्या मात्र ऐकत नव्हत्या. थोरलीच्या हातातला ब्रश थांबला. "मीट. जरा वेळ मिटूनच बस." धाकटीने डोळे मिटले. मग उघडायला सांगितलं तेव्हा दोन्ही पापण्या वर, जशा काही झालंच नाही. पुन्हा वर बघायला लावलं. पुन्हा डावी उतरली.

नवऱ्याचं वाक्य, चहातल्या बिस्किटासकट, तिला जसंच्या तसं आठवलं. त्याच्या घरी सगळे टपोऱ्या डोळ्यांचे. त्याला ते दिसलं, कारण त्याला पेंगुळेपणाची सवय नव्हती. ज्या घरात सगळ्यांच्याच डोळ्यांवर पडदा, तिथे एकीचा जरा जास्त ओढला गेला तर कोण मोजणार? उलट हसणार, आणि त्याला नाव ठेवणार.

"कधीपासून आहे हे?"

"काय? दमते मी, ताई. सगळेच दमतात."

"चावताना जबडा दमतो. बोलताना जीभ दमते. आणि सकाळी?"

"सकाळी बरी असते." धाकटीने थोरलीच्या पिशवीतून टेप काढला. घडीच्या डोळ्यांच्या बायका पापणी उचलून धरायला लावतात, तो पारदर्शक टेप थोरलीनेच अक्कल लढवून आणला होता. "हा लाव ना. नुसता उचलून धर डोळा. आज साहेब मुद्दाम बघणार आहेत. एवढा आठवडा काढला की जागा माझी."

थोरलीने टेपचा तुकडा कापला. तो बोटाच्या टोकावर घेऊन ती क्षणभर उभी राहिली. लावला असता तर डोळा वर राहिला असता, साहेब खूश झाले असते आणि कोणाला काही दिसलं नसतं. अगदी तिलाही. तिने तुकडा आरशाच्या कडेला चिकटवून टाकला.

"नाही लावणार."

"तुला माझं बरं बघवतच नाही! आधी दारुडी ठरवलंस, आता आजारी ठरव!" धाकटीने रागाने पाण्याचा पेला तोंडाला लावला. घोट घशात जायच्या ऐवजी तिला जोराचा ठसका लागला आणि पाणी नाकातून बाहेर आलं. खोकून खोकून तिचे डोळे भरले, पण ती जे पुटपुटली ते त्या ठसक्यापेक्षा वाईट होतं.

"असं होतंय हल्ली. जेवताना पण. घाबरशील म्हणून नाही सांगितलं."

काकूंचे हात खिशातून बाहेर आले. त्यांनी धाकटीची पाठ धरली आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "सकाळवालीला फोन करा! आणि आधी गाडी बघा!" भाचीची जागा पक्की करायला त्या हाका मारताहेत, असा एक संशय थोरलीला तेवढ्यातही चाटून गेलाच. तिने तो गिळला आणि बहिणीच्या डोळ्यांवरच्या लॅशेस कोपऱ्याकडून हळूच सोलून काढल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी धाकटीला छताकडे बघायला लावलं आणि त्या तिच्या पापण्या बघत राहिल्या. मग गिळताना काय होतं, श्वास पुरतो का, पायऱ्या चढवतात का, असं एकामागून एक विचारलं. स्नायूंना मेंदूचा निरोप नीट पोचत नाही, म्हणून ते वापरले की लवकर थकतात, असा एक आजार असतो, त्या म्हणाल्या. तपासण्या करू, औषधं आहेत, पण ठसका लागू लागल्यावर घरी बसून राहायचं नसतं. त्या रात्री त्यांनी तिला ठेवून घेतलं.

तपासण्यांत तोच आजार निघाला. धाकटी आता औषधांवर आहे. संध्याकाळची जागा सकाळवालीला गेली; सकाळची हिला मिळते का, ते साहेबांनी अजून सांगितलेलं नाही. लॅशेसची डबी तिने उशाशी ठेवली आहे. थोरलीचा संशय काही सुटलेला नाही. बाळाला ती दिव्याकडे बघायला लावते, आईला व्हिडिओ कॉलवर "फोन जरा उंच धर" म्हणते, आणि नवरा म्हणतो, "आता तरी माझ्याकडेही बघ कधी."

तिचं तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी किंवा कामाच्या जागी एखादी पेंगुळी असेल, जिच्या डोळ्यांवरून तुम्ही वर्षानुवर्षं हसत आला असाल. आज संध्याकाळी, ती दमून आली की, तिच्याजवळ बसा. तिला जरा वेळ दिव्याकडे बघायला सांगा, आणि घास नीट उतरतो ना, तेवढं विचारा.