कॉफी खरी होती

मुतासिम सरांनी फळ्यावर 'युद्धविराम' लिहिलं आणि नववीच्या पोरांकडे वळून विचारलं, "म्हणजे काय रे?"

"भांडण मिटलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"मिटलं कुठे? मारामारी थांबली, एवढंच. पुढे बोलायला नको का?"

"मग तुमचं आणि नायिफ सरांचं काय चाललंय, सर?" कुतैबाने विचारलं. "मारामारी नाही, बोलणंही नाही."

वर्ग खदखदला. सरांनी उगाच खडू झटकला. भानगड अख्ख्या कराक गावाला ठाऊक होती. सरांच्या मुलाच्या, राकानच्या, साखरपुड्यात विज्ञानाच्या नायिफ सरांनी मनसफचा, म्हणजे दह्यात शिजवलेल्या मटणाचा, घास घेऊन चारचौघांत विचारलं होतं, "दही दुकानातलं का रे?" मनसफचं दही घरचंच हवं; कराकच्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. तेव्हापासून वर्षभर अबोला. आता नायिफ सरांची बदली अकाबाला झाली होती आणि गुरुवारी ते निघणार होते. जिवाभावाचा मित्र न बोलता जाणार म्हणून मुतासिम सरांचा जीव तुटत होता, पण आधी बोलायचं कुणी, इथेच घोडं अडलं होतं.

"विषय बदलू नकोस," ते गुरगुरले.

"मग समेट करूनच बघू या ना, सर! तुम्ही यजमान, आम्ही मागणी घेऊन आलेले वडीलधारे."

पाच पोरं डोक्याला रुमाल बांधून, चेहरे लांब करून समोर बसली. कुतैबाने दप्तरातून थर्मास काढला. कॉफी ओतली, पेला स्वतःसमोर ठेवला आणि हातही लावला नाही. मागणी मान्य झाल्याशिवाय पाहुणा पीत नसतो. आणि दारात आलेल्यांची कॉफी गार होऊ देणं यजमानाला शोभत नाही. सरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "प्या हो मंडळी, कॉफी प्या! ज्यासाठी आलात ते दिलं!"

कुतैबाने एका घोटात पेला रिकामा केला. "अल्ला तुमचं भलं करो. आता उठा आणि नायिफ सरांशी बोला."

"अरे लबाडा! हे नाटक होतं!"

"कॉफी खरी होती, सर."

सर उठले आणि निघाले. मागे सगळा वर्ग. प्रयोगशाळेत नायिफ सर पुस्तकं खोक्यात भरत होते.

"ऐक," मुतासिम सर म्हणाले.

"किती वेळ लावलास, अबू राकान!" नायिफ सर राकानच्या बापाला म्हणाले. "कुतैबाला परवाच पढवून ठेवलं होतं मी."

"म्हणजे आधी तू आलास!"

"मी कुठे आलो? मी इथेच उभा आहे. आलास तू."

मुतासिम सरांनी त्यांना घट्ट मिठी मारली आणि पोरांदेखत ढसाढसा रडले. वर्षभराचं बोलणं साठलं होतं, आणि गुरुवार परवावर आला होता.