पाणी लागलं

"पाणी लागलं!" गॅरेजातून जावई व्हर्लिनची आरोळी आली आणि ओसरीवर पेंगत बसलेले होबार्ट ट्रॅमेल खुर्चीतून ताडकन उठले. म्हाताऱ्याचा उभा जन्म या मोहावी वाळवंटात विहिरी खोदण्यात गेला होता. कान निम्मे गेले होते, पण हे दोन शब्द त्यांना झोपेतही ऐकू आले असते.

"किती फुटांवर?" ते ओरडले. "गोडं आहे की मचूळ?"

त्यांची लेक ओपल स्वयंपाकघरात राजमा ढवळत होती. एरवी ती पोट धरून हसली असती. आज तिने गॅस बंद केला आणि एप्रनला हात पुसत तिथेच उभी राहिली. विहिरीवाल्यांच्या घरात ज्या शब्दांवर पेढे वाटावेत, ते जुन्या गाड्या शर्यतीसाठी बांधणाऱ्या हॉट रॉडवाल्यांच्या घरात मयताच्या बातमीसारखे असतात. जुन्या फोर्डच्या इंजिनात हवा आत जायच्या वाटा कोरून रुंद केल्या की गाडी वाऱ्यासारखी पळते. पण त्या वाटेच्या भिंतीपलीकडे पाण्याची पोकळी असते, आणि मधलं लोखंड बोटाच्या पेराएवढंही जाड नसतं. कोरताना हात जरा जास्त गेला की भोक पडतं, आणि इंजिन भंगारात जातं. त्याला ही मंडळी 'पाणी लागलं' म्हणतात.

ओपलला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगायलाच हवं. तिला आनंद झाला. चांगला पोटातून आनंद झाला, आणि मग स्वतःची लाज वाटली.

तीन वर्षं व्हर्लिन स्ट्राउड त्या गाडीत गाडून घेऊन बसला होता. एकोणतीस सालच्या उघड्या टपाच्या रोडस्टरचा सांगाडा त्याने एका शेतकऱ्याच्या खुराड्यातून आणला. कोंबड्या सहा महिने त्याच्यावर रुसून होत्या म्हणे. खालची चौकट भंगारातली, सीट मोडक्या बॉम्बर विमानातली. बाकी प्रत्येक पट्टी, प्रत्येक पत्रा त्याने स्वतः कापला, वाकवला, जोडला. हे सगळं कशासाठी, तर एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर एकदा, फक्त एकदा, ताशी एकशेवीस मैलांच्या वर जायचं म्हणून. या वर्षाची शेवटची शर्यत येत्या रविवारी होती. मग हिवाळी पाऊस पडून तळ्याचा चिखल होणार, आणि तो वाळेपर्यंत वसंत उजाडणार.

वसंतापर्यंत व्हर्लिनचे हात राहणार नव्हते. त्याने घरी 'खांदा आखडलाय' असं सांगितलं होतं. पण तो वर्षभर कॉफीचा कप अर्धाच भरून घेत होता, आणि ओपल काही आंधळी नव्हती. मार्चमध्ये ती स्वतः जाऊन डॉक्टरांना भेटून आली. कंपवात. चौतिसाव्या वर्षी. पुढच्या वर्षी चमचा धरणंही जड जाईल, असं डॉक्टर म्हणाले. ती घरी आली आणि काही बोलली नाही. तोही बोलला नाही. दोघंही एकमेकांना फसवण्यात अगदी पटाईत झाले होते.

ती गॅरेजात गेली तेव्हा व्हर्लिन बैठक मारून जमिनीवर बसला होता, कपाळ इंजिनाच्या लोखंडाला टेकवून. ग्राइंडर बाजूला पडला होता.

"आठ वाटा होत्या," तो मान न उचलता म्हणाला. "सात झाल्या. आठवी अर्ध्यावर आली होती, ओपल."

भोक मक्याच्या दाण्याएवढं होतं.

"बुजवता नाही येणार?"

"बघतो. तू जा आत."

ती गेली नाही, दारात उभी राहिली. भोकाला आटे पाडून त्यात पितळेचा स्क्रू बसवायचा, असा त्याचा बेत होता. डाव्या हाताने त्याने उजव्याचं मनगट आवळून धरलं. आटे पाडायचा टॅप दोन वेढे नीट फिरला. मग हात उडाला, कट् आवाज झाला आणि पोलादी टॅप आतच मोडला. व्हर्लिनने मोठ्या कष्टाने चिमट्याने तो तुकडा काढला, आणि तुकड्याबरोबर भिंतीचा आणखी एक टवकाही आला. आता भोकातून करंगळी गेली असती.

मग व्हर्लिन रडला. आवाज न करता, नाक पुसत, शाळकरी पोरासारखा.

"तुला माहीत आहे," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

"मार्चपासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तू बोललास?"

ओसरीवरून म्हातारा परत ओरडला, "अरे, धार कशी आहे ते तरी सांगा!"

"बाबा, झोपा!" ओपल जोरात म्हणाली, आणि त्या तशा वेळीही दोघांना हसू फुटलं. ते लगेच विझलंही.

"आता एकच उपाय आहे," व्हर्लिन म्हणाला. "सगळं लोखंड निखाऱ्यावर तापवायचं आणि गॅसच्या ज्योतीने पितळ वितळवून भरायचं. त्याला ठाम हात लागतो. माझा नाही. तुझा आहे."

होताच. युद्धात तीन वर्षं ओपलने कारखान्यात विमानांचे नळ ज्योतीने जोडले होते. फोरमन तिचा जोड नव्या पोरींना दाखवायला न्यायचा.

"मी का करू?" ती एकदम फिस्कारली. "तुझ्या दोस्ताची, त्या रॉस्कोची गाडी तळ्यावर उलटली तेव्हा त्याच्या बायकोला कोण धरून बसलं होतं? मी! तिची नखं माझ्या दंडात रुतली होती. चांगल्या हातांनी गेला तो, व्हर्लिन. तू या हातांनी जाणार?"

"हो."

"मरायचंय का तुला?"

"नाही गं. उलटं आहे." तो शब्द शोधत होता. "पुढे तू मला भरवशील, बटणं लावशील. लाव, माझी तक्रार नाही. पण तेव्हा खुर्चीत बसून आठवायला माझं स्वतःचं असं काहीतरी हवं मला. मी केलेलं आणि मी चालवलेलं."

त्याने उठून अंगावरची धूळ झटकली.

"ऐक. लोखंड नीट तापलं नसताना पितळ भरलंस, तरी वरून ते छानच दिसेल. रविवारी सुरुवातीच्या रेषेवर इंजिन तापलं की सुटेल. मी उतरून गाडी ढकलत परत आणीन आणि लोखंडाला शिव्या देईन. तुला कधी विचारणार नाही. मी तिथे थांबणारसुद्धा नाही." आणि तो खरंच निघून सासऱ्याजवळ ओसरीवर जाऊन बसला.

यापेक्षा त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं ओपलला वाटलं.

शुक्रवारी सकाळी तिने अर्ध्या पिंपात कोळसे पेटवले, वर साखळीने लोखंड उतरवलं आणि पत्रा झाकला. दहा वाजता लोखंड तापलं होतं, पण पुरेसं नाही. आत्ता ज्योत लावली की झालं. पितळ चमकेल, जोड गोजिरा दिसेल आणि नवरा रविवारी संध्याकाळी जेवायला घरी असेल. नंतरही असेल. थरथरत असेल, पण असेल.

तिने ज्योत पेटवली. काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग ज्योत विझवली, आणखी दोन फावडी कोळसा घातला आणि उलट्या बादलीवर बसली. तासभर ती तशीच बसून होती. देवाला, डॉक्टरांना, फोर्डला आणि स्वतःला, सगळ्यांना आळीपाळीने शिव्या देत होती. अंधाऱ्या कोपऱ्यात लोखंडावर मंद लाली दिसली, तेव्हा ती उठली. पितळ पाण्यासारखं पसरलं, कडांना धरून बसलं. तिने पिंपात राख भरली आणि सबंध लोखंड त्यात पुरून टाकलं. ते सावकाश निवायला हवं होतं, नाहीतर तडकलं असतं.

शनिवारी सकाळी तिनेच राख उपसली. व्हर्लिनने पोकळीत रॉकेल ओतलं, कारण जिथून पाणी पाझरत नाही तिथूनही रॉकेल पाझरतं. जोडाखाली त्याने पांढरं फडकं धरलं. फडकं हलत होतं, म्हणून ओपलने दुसरं टोक धरलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. डाग पडला नाही.

व्हर्लिन जोडाकडे बघत होता. बोट लावायची त्याला हिंमत होत नव्हती.

"बाहेरून छानच दिसतोय," तो हळू म्हणाला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. विचारणार नाही म्हणाला होता, पण राहवलं नाही बिचाऱ्याला. "टिकेल?"

'नाही' म्हणायची अजून वेळ होती. एक शब्द, आणि त्याने गाडीवर ताडपत्री टाकली असती. तिच्या शब्दाबाहेर तो गेला नसता.

"टिकेल," ओपल म्हणाली.

तो हसला. वर्षभरात असा हसला नव्हता. घाईघाईने बोल्ट वेचायला वाकला. ओपल फडक्याची घडी घालत राहिली, एकदा, दोनदा, आणखी घालताच येईना इतक्यांदा. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, आपलं काम आपल्याला इतकं चांगलं येत नसतं तर फार बरं झालं असतं.