वरच्या मजल्याची चाकं

“इटालियन आहेत ही. दुसरं काही असूच शकत नाही,” पिवळ्या हिलमन इम्प मोटारीच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसलेले ट्रेव्हर अ‍ॅस्की म्हणाले आणि वर न बघताच त्यांनी चहासाठी हात पुढे केला.

एनिड प्लँटने कप त्यांच्या हातात ठेवला. दुसरा कप शेजारच्या घडीच्या खुर्चीत बसलेल्या केन वुडॉलचा होता, पण तो द्यायचं ती विसरूनच गेली. ती चाकाकडे बघत राहिली.

चाक म्हणजे एक फूल होतं. आठ पाकळ्या, मधोमध फुगीर बटणासारखा गोल, आणि प्रत्येक पाकळीचं टोक कडेपाशी किंचित आत वळलेलं. एनिडला ते ओळखीचं वाटलं. मग ओळखीचं का वाटलं ते आठवलं, आणि हातातला चहा बशीत सांडला.

“हे हॅडनचं आहे,” ती म्हणाली.

“काय ते असू दे, आधी माझा चहा दे,” केन म्हणाला. तो तिच्याच गल्लीत राहायचा आणि तिच्याशी नेहमी असाच बोलायचा.

अ‍ॅस्की गुडघ्यावर हात टेकून उठले. जुन्या गाड्यांच्या कुठल्याही जत्रेत कुणाला आपल्या गाडीची चाकं ओळखता आली नाहीत की लोक त्यांना शोधत यायचे. वीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. गाडीबरोबर कारखान्यातून आलेल्या चाकांत त्यांना रस नव्हता; हौशी लोकांनी नंतर विकत घेऊन बसवलेली, लहानसहान ओतशाळांत बनलेली मिश्रधातूची चाकं हा त्यांचा विषय. त्यावर त्यांनी एक पुस्तकही काढलं होतं.

“हॅडन अँड रुक? टिप्टनची ओतशाळा?” त्यांनी सौम्यपणे विचारलं. “मॅडम, हॅडनने दोनच चाकं काढली. एक पाच आऱ्यांचं, एक चार खाचांचं. आठ पाकळ्यांचं कधीच नाही.”

“मी होते तिथे. ड्रॉइंग ऑफिसात. या चाकाचं चित्र मीच काढलेलं आहे.”

“आणि ते बाजारात कधी आलं?”

एनिड गोंधळली. “आलंच नाही. ते बनलंच नव्हतं.”

केन हसता हसता ठसकला. “म्हणजे जे बनलं नाही ते हे इथं उभं आहे! एनिड, चहात काय घातलंयस आज?”

गाडीची मालकीण तेवढ्यात मेणाचं फडकं घेऊन पलीकडून आली. टॅम्सिन फेरिडे, चाळिशीतली, बापाची गाडी पहिल्यांदाच जत्रेत घेऊन आलेली. बाप फेब्रुवारीत गेला होता.

“लागला का पत्ता?” तिने विचारलं.

“खात्रीने नाही,” अ‍ॅस्की म्हणाले. “मला वाटतं, इटालियन चाकाची कुणीतरी घरगुती नक्कल केलीय. इटालियन अस्सल असतं तर मागे शिक्का असता, तो नाही. आणि कुणी ओतलंय हेच माहीत नसेल तर मी त्यावर गाडी चालवणार नाही. असली चाकं रस्त्यात तडकतात, बाई. तुमच्या मुलीला घेऊन फिरणार म्हणता ना यातून?”

“साधी लोखंडी आणून ठेवलीत मी,” टॅम्सिन म्हणाली. तिचा चेहरा उतरला. “मग ही उद्या भंगारात देते. बाबा असते तर ओरडले असते.”

अ‍ॅस्कींनी पुस्तक उघडून एनिडपुढे धरलं. इटालियन चाकाचा फोटो होता, खाली साल होतं एकोणीसशे सहासष्ट. आठ पाकळ्या. बऱ्यापैकी तशाच.

एनिडने फोटोकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. तिने चित्र काढलं होतं अडुसष्टमध्ये. म्हणजे दोन वर्षांनंतर. हॅडनच्या कँटीनमध्ये पुरुषांनी टाकून दिलेली मोटारींची मासिकं पडलेली असायची, मुली ती चाळायच्या. आपणही चाळली असतील. मग आपण ते काढलं, की नुसतं उतरवलं?

“माफ करा, माझी चूक झाली असेल,” ती म्हणाली आणि कप तसाच हातात धरून चालू लागली. केनचा चहा तिच्याबरोबरच परत गेला.

हॅडनमध्ये ती ट्रेसर होती. म्हणजे ड्राफ्ट्समन पेन्सिलने जे काढतील ते पातळ लिननच्या कापडावर शाईने उतरवायचं. सहा मुली, खिडकीखाली एका रांगेत, वरच्या मजल्यावर. खाली ओतशाळा धडधडायची आणि टेबलावरच्या दौतीत शाई थरथरायची. तिचा हात इतका स्थिर होता की मोठं काम असलं की ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख मिस्टर रज तिलाच बोलवायचे. एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने कुणी न सांगता एक चाक काढलं. का काढलं ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. मिस्टर रजनी ते उजेडाला धरून पाहिलं, सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, “ट्रेसरने रेघा ओढाव्यात, मिस टिमिन्स.” मग लाल पेन्सिलने आडवी फुली मारून त्यांनी ते कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. पुढच्या वर्षी आई अंथरुणाला खिळली, एनिडने नोकरी सोडली. मग लेन प्लँटशी लग्न, लॉरेन झाली, आणि सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात गेली. या सगळ्या काळात ते चाक तिला चार-पाचदाच आठवलं असेल. पण जेव्हा आठवलं तेव्हा ते तिचं होतं. आता तेही तसं राहिलं नव्हतं.

“कुठं होतीस, आई? इथे रांग लागलीय,” चहाच्या तंबूत लॉरेन म्हणाली. रुग्णालयाच्या मदतीसाठी दरवर्षी मायलेकी हा तंबू चालवायच्या.

एनिडने तिला सांगितलं. तुटक, मागचं पुढे, पुढचं मागे.

“तू चाकं काढायचीस?” लॉरेनने किटली खाली ठेवली. “मला कधी बोलली नाहीस.”

“एकच काढलं. त्यात काय सांगायचं?”

“बरं, पण रागावू नकोस हं. मागच्या आठवड्यात तू नातीला, जेमाला, दोनदा माझ्या नावाने हाक मारलीस. इतक्या वर्षांपूर्वीचं... होतं असं, आई. आपण कुठंतरी पाहिलेलं आपलंच वाटायला लागतं.”

एनिडने जॅम भरलेला स्पंज केक पुढे ओढला आणि कापायला घेतला. अर्धा, पाव, मग पावाचे दोन. हात सवयीने चालला होता, डोकं दुसरीकडे होतं. एकदा सुरी तिरकी गेली आणि आठातला एक तुकडा बारीक झाला.

“हा कोण घेणार?” लॉरेन म्हणाली.

एनिड त्या तुकड्याकडे बघत उभी राहिली. त्या शुक्रवारी कंपासचं टोक घसरलं होतं. लिननवर शाई पडली की पुसता येत नाही. एक पाकळी नखभर अरुंद झाली होती आणि तिला दुसऱ्यांदा काढायला वेळ नव्हता, सुट्टी संपत आली होती. अरुंद पाकळी कमजोर पडेल म्हणून तिने मागच्या बाजूच्या चित्रात त्या पाकळीला आधाराची एक उठावदार कड जास्त दिली. बाकी सगळ्यांना एक, तिला दोन.

सुरी तशीच केकमध्ये ठेवून ती निघाली.

“आता कुठं चाललीस?” लॉरेन ओरडली आणि हात पुसत तिच्या मागे धावली.

“मोजा,” अ‍ॅस्कींसमोर उभी राहून एनिड म्हणाली. तिला धाप लागली होती. “हवेच्या नळीच्या भोकापासून उजवीकडे तिसरी पाकळी. ती बाकीच्यांहून अरुंद असेल.”

अ‍ॅस्कींनी खिशातून कॅलिपर काढलं. पहिली मोजली, दुसरी मोजली, तिसरी मोजली. तिसरी पुन्हा मोजली.

“तीन मिलिमीटरने कमी,” ते म्हणाले. “पण बघा, यावरून माझंच म्हणणं खरं ठरतं. नक्कल करणाऱ्याकडून झालेली चूक ही.”

“तिच्या पाठीमागे दोन कडा असतील. इतरांना एकच.”

टॅम्सिनने कुणाला न विचारता जॅक आणला. चाक निघालं, गवतावर पालथं पडलं. समोरून तिने ते आरशासारखं घासलं होतं, मागे मात्र ब्रेकची काळी पूड दगडासारखी बसली होती. एनिड गुडघ्यांवर बसली, भोक शोधलं, उजवीकडे तीन पाकळ्या मोजल्या आणि फडक्याने घासायला लागली. सगळे वाकून बघत होते. पूड निघाली. खाली कड होती. एकच.

केनने घसा खाकरला.

“चला, पाहिलं तरी,” अ‍ॅस्की हळूच म्हणाले आणि कॅलिपर खिशात टाकलं. त्यांना तिची दया आली होती, हे एनिडला कळलं, आणि त्याचं तिला सगळ्यात वाईट वाटलं.

“ऊठ, आई. गवत ओलं आहे,” लॉरेन म्हणाली.

एनिड उठेना. काळ्या झालेल्या बोटांकडे ती बघत होती. सगळं नीट आठवतंय आणि तरी चुकतंय, हे कसं? ही कड इथे एक असेल तर ते टेबल, ती खिडकी, मिस्टर रजची लाल पेन्सिल, यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं? तिने पुन्हा भोकावर बोट ठेवलं. उजवीकडे एक, दोन, तीन. चित्रात असंच मोजलं होतं. चित्रात, समोरून.

“पालथं आहे हे!” ती एकदम मोठ्याने म्हणाली.

“काय?”

“चाक पालथं आहे. उजवं डावीकडे गेलं. अहो, तिथे रोज लिनन उलटं-सुलटं करायचे मी, आणि इथे चुकले!”

डावीकडची तिसरी घासायला टॅम्सिनही बसली. पूड हट्टी होती, नखांनी खरवडावी लागली. मग धातू चमकला. एक कड. तिच्या बाजूला, बोटभर अंतरावर, दुसरी.

अ‍ॅस्कींनी बाकीच्या सहाही पाकळ्या स्वतः साफ करून पाहिल्या. मग ते ओल्या गवतावर सरळ बसकण मारूनच बसले.

“नक्कल करणारा चूक करतो,” ते म्हणाले. “पण चूक सांभाळून घ्यायला मागे जास्तीची कड देत नाही. हे चित्रावरूनच ओतलंय.”

“पण चित्र तर टोपलीत गेलं,” एनिड म्हणाली. “कुणी ओतलं?”

टॅम्सिन अजून पाकळीवर अंगठा फिरवत होती. “बाबा ओतशाळेत होते. टिप्टनलाच. नाव कधी सांगितलं नाही, विचारलं की म्हणायचे, धूर आणि शिव्या, बाकी काही नव्हतं तिथं.” ती थांबली. “या चाकांना ते वरच्या मजल्याची म्हणायचे. ‘जपून गं, वरच्या मजल्याची चाकं आहेत.’ मला वाटायचं, भारीतली, म्हणून.”

“ड्रॉइंग ऑफिस वर होतं,” एनिड म्हणाली.

“मग तुम्ही ओळखत असाल त्यांना! नॉर्मन. नॉर्मन फेरिडे.” टॅम्सिनने घाईघाईने फोन काढला. पडद्यावर याच गाडीला टेकून उभा असलेला एक तरुण होता, दाट केसांचा, कान बाहेर आलेले, डोळे उन्हाने बारीक झालेले.

एनिडने फोन हातात घेतला. खूप वेळ पाहिलं. जिन्यावरून कधी वर आला असेल, कधी टोपलीपाशी वाकला असेल, कधी दारात बाजूला होऊन वाट दिली असेल. साचा करणाऱ्याला गळ घातली असेल, मालकाच्या भट्टीत मालकाचा डोळा चुकवून चार चाकं ओतली असतील. का? त्याला तिला काही सांगायचं होतं, की चाक नुसतं आवडलं होतं? तिने आठवायची शिकस्त केली. टॅम्सिन तिच्या तोंडाकडे बघत होती. हो म्हणणं सोपं होतं.

“नाही गं,” एनिड म्हणाली. “मला नाही आठवत. खाली खूप माणसं होती. आम्ही खाली बघायचोच नाही.”

टॅम्सिनने मान हलवली आणि फोन परत घेतला.

“भंगाराचं विसरा,” अ‍ॅस्की घाईने म्हणाले. “चारही चाकं माझ्याकडे आणा, आत कुठे तडा नाही ना, ते तपासून देतो. आज घरी न्या, पण सावकाश. आणि मिसेस प्लँट, मला तुमचं नाव लिहून घ्यायचंय. पुस्तकात.”

“टिमिन्स लिहा. तेव्हा टिमिन्स होते,” एनिड म्हणाली. “आणि ओतणाऱ्याचं नाव आधी.”

चाक बसलं, टॅम्सिन गाडीत बसली. इम्प फटफटत मैदानाच्या वाटेला लागली. लॉरेनने आईच्या दंडाला धरलं होतं. आता तिला विचारायला पुष्कळ होतं. टॅम्सिनने खिडकीतून हात हलवला. एनिडला तो दिसला नाही, ती खाली, चाकांकडे बघत होती. पाकळ्या आधी एकेक दिसत होत्या, मग एकमेकींत मिसळल्या, मग नुसती एक उजळ चकती राहिली. चित्रात ते चाक कधी फिरलं नव्हतं. फिरल्यावर कसं दिसेल, हे तिच्या तेव्हा मनातही आलं नव्हतं.