तीन मजल्यांचे तीन प्रोटोकॉल

मावशींच्या गुडघ्यांनी राजीनामा कधीच दिला होता. मावशींनी तेवढा अजून दिला नव्हता. दवाखान्यात तळमजल्यावरच्या लॅबमधून रिपोर्ट उचलायचा, पहिल्या मजल्यावर नोंदणीच्या बाईंचा शिक्का घ्यायचा, दुसऱ्या मजल्यावर मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा. दिवसातून तीस-तीस खेपा. लिफ्ट नव्हती. डॉक्टर तर पेशंटांनाही सांगत, "जिने चढा, प्रकृतीला चांगलं!"

म्हणून तिन्ही मजल्यांवरचे कंप्युटर तारेने जोडायचे ठरले, तेव्हा मावशींनी मनोभावे देवाला हात जोडले. रिपोर्ट आपापले वर जाणार, गुडघे वाचणार, नोकरी टिकणार.

तार ओढून झाली आणि नेटवर्कवाल्याने विचारलं, "प्रोटोकॉल कुठला ठेवू?"

"तो काय असतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"कंप्युटरांनी एकमेकांशी बोलायची रीत. तिघांची एकच हवी. माझं ऐकाल तर टीसीपी/आयपी ठेवा, सगळ्या जगात तोच चालतो."

झालं! जगाचं नाव ऐकताच लॅबवाले काका उसळले, "लघवीचे रिपोर्ट काय जगाला दाखवायचेत? मला तो दुसरा प्रोटोकॉल, नेटबुई द्या. सुटसुटीत, घरातल्या घरात." नोंदणीच्या बाईंना आयपीएक्स नावाचा तिसराच हवा होता, त्यांच्या भाच्याच्या ऑफिसात तोच होता, आणि भाचा फार हुशार. डॉक्टर टीसीपी/आयपीच्या बाजूचे, कारण नावात दोन पदव्या दिसत होत्या.

चार बैठका झाल्या. पाचवीत डॉक्टरांचं मन विरघळलं. "कुणाला दुखवायला नको. ज्याला जो आवडतो, तो त्याच्या मशीनवर."

"साहेब, मग ती एकमेकांशी बोलणारच नाहीत."

"नवीन आहेत हो. बोलतील हळूहळू."

उद्घाटन झालं. काकांनी खालून रिपोर्ट पाठवला. वर काहीच उमटलं नाही. डॉक्टरांनी फोन केला, "पाठवलात का?"

"केव्हाच!"

"बरं, मग एक प्रत मावशींबरोबरही द्या. आणि कंप्युटरने पाठवल्याचा दाखला जोडा."

दाखल्यावर सही राहिली की मावशी परत खाली. खेपा दुप्पट झाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी अर्ध्या जिन्यात गुडघा असा काही कळवळला, की मावशी गठ्ठ्यासकट पायरीवर टेकल्या त्या उठल्याच नाहीत.

"मावशी, रिपोर्ट!" वरून हाक आली.

"इथे आहेत. या आणि न्या."

"अहो, ही काय पद्धत झाली?"

"तुमच्या तिघांच्या तीन पद्धती चालतात, मग माझी चौथी! बसल्या जागी घेईन, बसल्या जागी देईन. काढून टाकायचं तर खुशाल टाका."

पेशंट तर खोळंबलेले. डॉक्टर उतरले, काका चढले, बाई दोन्हीकडे धावल्या. सहाव्या खेपेला तिघं कठड्याला धरून एकमेकांसमोर धापा टाकत उभी राहिली.

"काका... ते जगाचं चालेल का हो तुम्हाला?"

"चालेल... चालेल! बाई, तुमचा भाचा?"

"तो काय... येतोय इथे जिने चढायला?"

दोन मिनिटांत ठरलं. नेटवर्कवाल्याने तासाभरात तिन्ही मशीनवर एकच रीत बसवली.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या प्रिंटरमधून कागद निघाला. डॉक्टरांची नोटीस: जिन्यात बसणे शिस्तीला धरून नाही, मावशींनी यापुढे लॅबमध्ये खुर्चीवर बसावे. काकांनी ती मोठ्याने वाचून दाखवली.

मावशींनी धसकून विचारलं, "ही वरून कुणी आणली?"

"कुणीच नाही. तारेतून आली."

"मग लिहू देत त्यांना काय लिहायचं ते," मावशी म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून त्यांनी पाय ऐसपैस पसरले.