तांब्यावरचं नाव

लालबागच्या एका चाळीत राधाबाईची खानावळ होती आणि तिथे नियम एकच होता. जेवताना जगाच्या गप्पा माराव्यात, पण राधाबाईच्या घरधन्याचा विषय काढायचा नाही. बारा गिरणीकामगार दोन पाळ्यांत जेवायला येत, आमटीला नावं ठेवत, तीच आमटी पुन्हा मागून घेत आणि हा नियम पाळत. त्यातल्या निम्म्यांना राधाबाईला घरधनी आहे की नाही हेच धड ठाऊक नव्हतं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं आणि खोलीत माणूस नव्हता. मुंबईत असं चालतं, कोण कुणाला विचारतो?

माणूस होता. बेचाळीस साली लष्करात भरती होऊन ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला. तिकडून तीन कार्डं आली. तिसऱ्यात लिहिलं होतं की इथे सागवान फार सुंदर मिळतं, येताना तुला बसायला पाट आणीन, किती दिवस गोणपाटावर बसून जेवशील. पुढे पाट आला नाही, माणूस आला नाही, सरकारचा कागद आला. माणूस बेपत्ता आहे. आणखी काही वर्षांनी दुसरा कागद आला, त्यात माणूस मयत समजला आहे असं होतं आणि खाली अंगठा लावला की पेन्शन सुरू होणार होती. तो वाचून दाखवणाऱ्या कारकुनाला राधाबाई म्हणाली, "तुमी समजा. मी नाय समजूचंय." अंगठा पदरात गुंडाळून ती घरी आली आणि बारा माणसांचा भात चढवला.

चाळीतल्या बायकांची मात्र पंचाईत झाली होती. संक्रांतीनंतर हळदीकुंकू सुरू झालं की राधाबाईला बोलवावं की न बोलवावं? बोलवावं तर अपशकुनाची भीती, न बोलवावं तर तिच्या कपाळावरचं कुंकू डोळ्यांसमोर. शेजारच्या गंगूबाईने तोडगा काढला होता. वाण पोराबाळांच्या हाती खोलीवर पाठवून द्यायचं. पहिला कागद आल्यापासून राधाबाईला तिळगूळ घरपोच मिळत होता, आणि तो तिच्या घशाखाली उतरत नव्हता.

पण तिचं खरं दुखणं याहून निराळं होतं आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत. सासू होती तोवर ती उठता-बसता लेकाच्या नावाने हाका मारायची, रडायची, शिव्यासुद्धा द्यायची. राधाबाईच्या कानांवर ते नाव पडत राहायचं. सासू गेली आणि नाव बंद झालं. भाऊ त्याला "भावजी" म्हणायचा, चाळीतली जुनी माणसं "राधाबाईचो घोव". दहा वर्षांत ते नाव तिने एकदाही ऐकलं नव्हतं. कधीकधी दुपारी भांडी घासताना तिला वाटे, कुणीतरी ते एकदा मोठ्याने उच्चारावं, बस. (मीही ते इथे लिहीत नाही. तिच्याआधी आपण कशाला घ्या?)

आणि एकोणसाठच्या डिसेंबरात बकुळा वही घेऊन दारात उभी राहिली.

बकुळा चिंचपोकळीची, म्युनिसिपालिटीच्या शाळेत सातवीत. तिथले जगदीश सामंत मास्तर इतिहास शिकवत आणि ते जरा तिरसट होते. दुसऱ्या महायुद्धावर निबंध लिहा म्हटल्यावर बेचाळीस मुलांनी बेचाळीस वह्यांत हिटलर लिहून आणला. मास्तरांनी प्रत्येक वहीवर लाल पेन्सिलीने लिहिलं, "हा तुमच्या चाळीत कधी आला होता?" मग म्हणाले, संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळीबारात गेलेल्यांची नावं आपण नाक्यावर लिहिली, ते बरंच केलं. आता महाराष्ट्रही होईल. पण त्याच्याआधी इथून लढाईवर गेले आणि आले नाहीत, त्यांची नावं कुठे आहेत? एकेक माणूस शोधा. त्याच्या घरच्यांना विचारा. त्यावर निबंध लिहा. आणि नाव लिहाल ते ऐकीव चालणार नाही, लिहिलेलं डोळ्यांनी बघूनच लिहायचं, तो आपला पुरावा.

"आमच्या आजीने सांगितलं, तुमच्याकडचे गेले होते," बकुळा म्हणाली.

नियम मोडला होता. राधाबाईने तिला हाकलून द्यायला तोंड उघडलं, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण तोंडातून निघालं ते, "बस गो. पेज खातंस?"

मग ती बोलत राहिली. अठरा वर्षं झाकण लावून ठेवलेलं भांडं ते, उतू गेल्यावर थांबतंय कुठलं? हे गिरणीत साच्यावर कापड विणायचे, शीळ घालायचे. यांना भेंडी बघवायची नाही. गाडी सुटताना हे मागे वळून बघतील म्हणून मी हात वर करून उभी, तर हे पुढच्या माणसाला विडी मागत होते. बकुळा हसली, राधाबाईही हसली, आणि पदराने डोळे पुसले.

"त्यांचं नाव काय?"

"शाणी हस! मी कसां घेव नाव?"

"अय्या, खरंच की. मग लिहिलेलं कुठे आहे?"

"बघ गो खंयतरी," असं म्हणून राधाबाई लाजली. अडतीस वर्षांची बाई, पण नवऱ्याच्या नावाच्या नुसत्या जवळ गेल्याबरोबर लाजली आणि भात बघायच्या निमित्ताने उठली.

बकुळाने इकडेतिकडे पाहिलं. सरकारचे कागद पेटीत होते आणि पेटीला कुलूप होतं. पण मोरीच्या कडेला पितळेचा तांब्या होता आणि त्याच्या गळ्याखाली ठोकून घातलेली अक्षरं होती. घरातल्या भांड्यावर घरधन्याचंच नाव असणार, यात शंका कसली? तिने ती बोटाने चाचपत वाचली आणि वहीत उतरवली. तिचं चुकलं म्हणावं तर तिने मास्तरांचा नियम अगदी काटेकोर पाळला होता. फक्त तो तांब्या लग्नात राधाबाईला तिच्या भावाने दिला होता, आणि लग्नातल्या भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं.

"मिळालं नाव," बकुळा म्हणाली. "वाचून दाखवू?"

"नको, नको," राधाबाई भाताकडे तोंड करून म्हणाली. हो म्हणायला तिची जीभ वळवळत होती. पण असं चुलीपाशी, एका पोरीच्या तोंडून? ती नाही म्हणाली, आणि मग रात्रभर स्वतःवर चिडली.

पंधरा दिवसांनी बकुळा निबंध वाचून दाखवायला आली. त्यात शीळ होती, भेंडी होती, विडीही होती. शेवट असा होता: "राधाबाईंचे यजमान त्यांच्यासाठी सागवानी पाट आणणार आहेत. राधाबाई अजून गोणपाटावर बसून जेवतात." राधाबाईने तो निबंध तीनदा वाचून घेतला. आणणार होते असं पोरीने लिहिलं नव्हतं. तेवढ्यासाठी तिने तिला दोन बांगडे तळून घातले.

त्यानंतर खुद्द सामंत मास्तर आले. शाळेच्या व्हरांड्यात फळा लावायचा होता. चौदा नावं जमली होती, त्यातली सहा तर एकट्या चिंचपोकळीतून महार पलटणीत गेलेल्यांची. सव्वीस जानेवारीला नावं मोठ्याने वाचायची आणि घरच्यांनी फूल वाहायचं.

"मेलेल्या माणसांच्या रांगेत माझ्या माणसाक नाय बसवूचंय," राधाबाई म्हणाली.

मास्तर तिरसट असले तरी माणूस ओळखणारे होते. ते म्हणाले, "वर काय लिहिणार ते ऐका. 'लढाईवर गेले आणि परत आले नाहीत.' यात खोटं काही आहे का?"

परत आले नव्हते, हे खरंच होतं. त्याहून पुढचं फळा काही म्हणत नव्हता. पण ती राजी झाली ती त्या वाक्यासाठी नाही. नाव मोठ्याने वाचणार, हे शब्द तिच्या कानात घुमत राहिले होते.

"मोठ्यान वाचतलास? सगळ्यांच्या समोर?"

"सगळ्यांसमोर," मास्तर म्हणाले.

सव्वीस जानेवारीच्या सकाळी खानावळ बंद होती. अठरा वर्षांत पहिल्यांदा, आणि बारा जण उपाशीपोटी कुरकुरत शाळेत येऊन बसले. राधाबाईने लग्नातलं हिरवं लुगडं काढलं होतं. भाऊ गुणाजी भायखळ्याच्या भाजीबाजारातून मुद्दाम आला होता, झेंडूची टोपली घेऊन. गंगूबाई आणि चाळीतल्या बायका मागच्या सतरंजीवर होत्या. काळ्या फळ्यावर पांढऱ्या रंगाने रंगाऱ्याने सुरेख अक्षरं काढली होती. राधाबाईला वाचता येत नव्हतं, तरी ती एकेका ओळीवर नजर फिरवत होती. यातली कुठली ओळ आपली असेल?

मास्तर वाचू लागले. एक नाव, एक म्हातारी उठे, फूल वाही. दुसरं नाव, एक मुलगा. राधाबाईच्या हातातलं फूल घामाने ओलं झालं. मी सांगतो, तिच्या लग्नातही तिची छाती इतकी धडधडली नसेल. दहा नावं झाली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने डोळे मिटून घेतले, म्हणजे नुसतं ऐकता येईल.

"गुणाजी भिवा," मास्तर म्हणाले. "राधाबाईंचे यजमान."

शेजारी बसलेला गुणाजी ताडकन उठला. "ओ मास्तर! गुणाजी भिवा मी! मी हय जिवंत उभो आसंय, आणि यजमान खंयचो, मी हिचो सख्खो भाव!"

सगळी शाळा हसली. पोरं हसली, खानावळीतले बारा जण पोट धरून हसले. बकुळा तेवढी हसली नाही. ती उभी राहून रडवेल्या आवाजात म्हणाली, "पण तांब्यावर तेच लिहिलंय, सर!" त्यावर तर आणखीच हशा झाला.

राधाबाईने डोळे उघडले. ती ज्याच्यासाठी आली होती ते आलंच नाही, आणि लोक हसत होते. चीड, लाज यांच्याही खाली तिला नुसतं रिकामं वाटलं. त्या दिवशी चुलीपाशी पोर वाचून दाखवू का म्हणाली, तेव्हा आपणच नको म्हटलं.

मास्तरांचा चेहरा पडला होता. "माफ करा बाई, चूक माझी. पुराव्याचा हट्ट माझाच. तुमच्या यजमानांचं नाव?"

"मी सांगतंय," गुणाजी म्हणाला. "भावजींचां नाव—"

"तू गप," राधाबाई म्हणाली. "घोव माझो."

ती उठली. पदर डोक्यावरून नीट घेतला. मागच्या सतरंजीवर बायकांची कुजबुज एकदम थांबली, कारण पदर असा कधी घेतात हे त्या सगळ्यांना माहीत होतं. उखाणा घ्यायचा तो सवाष्णीने. ज्या बाईला त्या इतकी वर्षं हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या, ती शाळेच्या व्हरांड्यात, न आलेल्यांच्या फळ्यासमोर, लग्नघरात उभी असल्यासारखी उभी होती. मग तिने उखाणा घेतला.

"भोंग्याच्या हाकेक उठता सगळां गिरणगाव,
अठरा वर्सां वाट बघतंय, दत्तारामाचां घेतंय नाव."

कुणी हसलं नाही. ते नाव व्हरांड्याच्या छताला लागून परत आलं आणि तिने ते ऐकलं. तिच्याच आवाजात, पण ऐकलं. दत्ताराम.

गंगूबाई मागून उठली. चार दिवसांपूर्वीच तिने वाण पोराच्या हाती धाडलं होतं. कनवटीला कुंकवाची डबी होती, ती तिने काढली आणि राधाबाईच्या कुंकवावर कुंकू लावलं. घाईत ते थोडं नाकावर सांडलं.

मास्तरांनी रॉकेलच्या बोळ्याने अकरावी ओळ पुसून काढली आणि जिवंत गुणाजीची फळ्यावरून सुटका केली. मग वर्गातला खडू आणून त्या जागी दत्ताराम असं लिहिलं. रंगातल्या तेरा नावांमध्ये ते एक नाव फिकं दिसत होतं.

"आजच्यापुरतं खडूने," ते म्हणाले. "उद्या रंगाऱ्याला बोलावून पक्कं करून घेतो."

राधाबाईने फूल फळ्याच्या खाली ठेवलं. त्या अक्षरांना हात लावायला बोट पुढे केलं आणि पुसेल म्हणून मागे घेतलं.

"नको, मास्तर," ती म्हणाली. "खडूनच रवांदे. ते इले, तर पुसूक बरां पडात."